चार वाजून सव्वीस मिनिटांनी अडकलेला हात

ती. मामांना,

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी चार वाजून सव्वीस मिनिटांनी, माझं आयुष्य बदललं. ते कसं बदललं हे सविस्तर सांगणारच आहे, पण मोठ्या माणसाला पत्र लिहिताना आधी नमस्कार घालावा आणि तब्येत विचारावी एवढं आईने शिकवलं आहे. तेव्हा साष्टांग नमस्कार, आणि तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? मामींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. (गेला नसेल तर त्यांना सांगा, खडूने माखलेला तुमचा कोट घरात येऊ देऊ नका. माझा आपला एक अंदाज.) मी इकडे ठणठणीत. मला कशाची गरज नाही, काही मागायचं नाही, हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं आहे. तेव्हा सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी उलटून पाहू नका. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता, मग मी चिडतो, मग तुम्ही 'बरं' म्हणता, आणि तुमच्या त्या 'बरं'नंतर आपल्या घरात आजवर काही बरं झालेलं नाही. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही.

तर. मी एका दुकानात कामाला लागलोय हे आईने सांगितलं असेलच (रडत सांगितलं असेल, हल्ली ती दूध संपल्याचंसुद्धा रडत सांगते). दुकानाचे मालक आसपासच्या दहाबारा गल्ल्यांना इंटरनेट पुरवतात, खांद्यावर कायम वायरचं भेंडोळं असतं, म्हणून सगळे त्यांना वायरकाका म्हणतात. ते मला शॉर्टसर्किट म्हणतात, कारण पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाशी वाद घालता घालता मी त्याचंच कनेक्शन कापून आलो होतो. (तो मला 'अरे मुला' म्हणाला होता. एकदा नाही, तीनदा.) त्या मंगळवारी काकांनी मला बस डेपोत पाठवलं. ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीतली वायफायची वायर उंदराने कुरतडली होती. मी स्टुलावर उभा, तोंडात स्क्रू. आणि खाली बाकावर एक ड्रायव्हरदादा पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून त्याच्यापुढे हातवारे करत बसलेले. मला वाटलं, दिवसभर गर्दीत बस चालवून माणसाचं असं होत असावं. तेवढ्यात ते म्हणाले, "घ्या! बाई परत थांबल्या." मी वाकून पाहिलं.

मामा, ती थांबली होती. उजवा हात हनुवटीपाशी अर्धा उघडलेला, डावी भुवई वर, आणि तोंडावर असा भाव की आता जे सांगणार आहे ते समजून घेतल्याशिवाय कुणाचीही सुटका नाही. मधोमध ते गरागरा फिरणारं चक्र. नऊ सेकंद ती तशीच होती. लाइन चांगली असती तर तो हात केव्हाच पुढे निघून गेला असता आणि मी पुन्हा भिंतीवरच्या वायरच्या डब्यात डोकं घातलं असतं. लोक डोळे पाहून प्रेमात पडतात, आवाज ऐकून पडतात. मी लाइन खराब असल्यामुळे पडलो. (स्टुलावरूनही पडलो. लागलं नाही. स्क्रू मात्र अजून सापडलेला नाही, आणि तो मी गिळला असेल असं वायरकाकांचं म्हणणं आहे.)

मग ड्रायव्हरदादांनी सांगितलं. बाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. त्या रोज चार ते पाच घरून व्हिडिओवर खुणांची भाषा शिकवतात. आणि कुणाला, तर ज्यांची मुलं ऐकू शकत नाहीत अशा आईबापांना. अकरा जण आहेत. एक शिवणकाम करणारी बाई आहे, एक आजोबा आहेत, बाकीचे असेच कुठले कुठले, शिकवायला जवळपास कुणी नाही अशा ठिकाणचे. ड्रायव्हरदादांची मुलगी चार वर्षांची. "'पाणी' शिकलो, 'ये' शिकलो," ते म्हणाले, "पण 'झोप आली का' म्हणून विचारायचं तीन आठवडे अडलंय. बाई हात वर नेतात आणि तिथेच गोठतात. पुढे काय करायचं ते दिसतच नाही. पोरीला मी रोज नुसतं उचलून अंथरुणावर ठेवतो, सामानासारखं." मला तुम्ही ओळखताच. मी तिथल्या तिथे छाती ठोकून सांगितलं, की दोन दिवसांत बाई थांबायच्या बंद होतील. नाही झाल्या तर नाव बदलीन. (लागले सव्वीस दिवस. नाव शॉर्टसर्किटच आहे.)

दुसऱ्या दिवशी काकांचं भेंडोळं उचलून मी तिच्या घरी हजर (तिची लाइनही काकांचीच). दार तिच्या आईने उघडलं. खोली लहान, पण नीटनेटकी: टेबलावर पुस्तकांची चळत, चळतीवर कॅमेरा, बाजूला टेबलफॅन, मागे खिडकी, खिडकीत एक झाड, आणि खिडकीला बारीक फुलाफुलांचा पडदा. ती गळ्यात दोरीने एक छोटी पांढरी पाटी अडकवून वावरते आणि ऐकू येणाऱ्या माणसांशी त्यावर लिहून बोलते. अक्षर टपोरं आणि मजकूर थोडका. मी कशासाठी आलोय हे मी तिच्या पाटीवर अकरा ओळींत लिहिलं. तिने ते पुसून लिहिलं, "बरं." मामा, माझ्या काळजात चर्र झालं.

मग मी कामाला लागलो. घरातली सगळी वायर बदलली. आणि तिला एका शब्दाने काही न विचारता चित्राचा दर्जा होता नव्हता तेवढा वर नेऊन ठेवला. म्हटलं, हा चेहरा जगाला दिसायचा तर डाव्या गालावरच्या तिळासकट दिसला पाहिजे! चार वाजता वर्ग सुरू झाला आणि चार वाजून एक मिनिटाने बंद पडला. पूर्वी ती अधूनमधून गोठायची. आता ती गोठलेलीच अवतरली, ती तशीच पाच वाजेपर्यंत राहिली. ड्रायव्हरदादांचा मेसेज आला, "बाईंचा फोटो सुंदर आहे. वर्ग कधी?" तिने पाटीवर लिहिलं, "आधी मी थांबायचे. आता मी सुरूच होत नाही."

माझं डोकं फिरलं. मी तडक त्या मोठ्या कंपनीच्या कचेरीत गेलो, जिच्याकडून वायरकाका लाइन घेतात, आणि तिथल्या साहेबाच्या टेबलावर मूठ आपटली. तुमचा रस्ता अरुंद आहे, म्हटलं, रुंद करा. साहेबाने चष्मा काढला, पुसला, घातला, आणि तोही 'बरं' म्हणाला. हा शब्द कुठून शिकून येतात हे लोक?

मग मी दुसरी शक्कल लढवली. म्हटलं, चित्र आल्या आल्या दाखवायचंच कशाला? आधी पुढच्याच्या फोनमध्ये वीस सेकंदांचा साठा होऊ दे, मग दाखवायला लागू दे. मध्ये लाइन अडखळली तरी साठ्यातलं पुरेल. (घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं. ही उपमा माझी आहे, तुमच्या वर्गात खुशाल वापरा.) आणि खरंच, चित्र थांबायचं बंद झालं! मी खुर्चीत मागे रेललो. पण मामा, तो वर्ग होता, सिनेमा नव्हता. ती विचारणार, ते वीस सेकंदांनी अकरा जणांना दिसणार, त्यांनी दिलेलं उत्तर आणखी वीस सेकंदांनी तिला दिसणार. तिने विचारलं, तुमच्या मुलाला काय आवडतं? वाट पाहिली, कुणी हलेना, म्हणून पुढचं विचारलं, रोज सकाळी तुम्हाला कोण उठवतं? तेवढ्यात आजोबांचं पहिल्या प्रश्नाचं उत्तर येऊन पोहोचलं: म्हैस. ती चकित झाली. मग तिने शिवणकामवाल्या बाईंची बोटं सुधारली, ती सुधारणा वीस सेकंदांनी पोहोचली तेव्हा त्या बाई पाणी पीत होत्या, म्हणून त्यांना वाटलं पेला चुकीचा धरलाय, आणि त्या बिचाऱ्या उरलेला सगळा वर्ग पेला वेगवेगळ्या तऱ्हेने धरून दाखवत राहिल्या. पाच वाजता तिने कॅमेरा बंद केला. पाटी पुसली. मग लिहिलं, "शनिवारपर्यंत पाहीन. नाही झालं तर वर्ग बंद करेन. चुकीचं शिकण्यापेक्षा न शिकलेलं बरं."

त्या दिवशी मी दुकानात न जाता डेपोत जाऊन बसलो. वर्ग बंद होणार म्हणजे ती दिसायची बंद होणार, हे दुःख तर होतंच (खोटं कशाला बोलू, आधी तेच झालं). पण समोर ड्रायव्हरदादा ड्यूटी संपवून बसले होते. हनुवटीपाशी हात नेत होते, तिथे थांबवत होते, पुन्हा खाली आणत होते. जेवढं दिसलं होतं तेवढंच घोकत होते. आणि मामा, तिथे त्या बाकावर मला तुमची आठवण आली.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. कॉलेजातला तुमचा नेटवर्कचा तास, वीस मिनिटं झालेली. तुम्ही विचारलंत, रस्ता अरुंद आहे, सामान जास्त आहे, रस्ता तुमच्या मालकीचा नाही, काय कराल? मी उठून म्हणालो, रस्ता रुंद करीन. तुम्ही म्हणालात, तो तुमचा नाही. मी म्हणालो, मग ज्याचा आहे त्याच्याशी भांडीन. सगळा वर्ग हसला, आणि तुम्ही, माझे सख्खे मामा, 'बरं' म्हणून फळ्याकडे वळलात. मी वही उचलली, बाहेर गेलो आणि दार असं आपटलं की वरची काच खाली आली. त्यानंतर मी त्या इमारतीत पाऊल टाकलेलं नाही. दीड वर्षं मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतोय आणि दर वेळी मीच जिंकतोय. त्या बाकावर पहिल्यांदा हरलो. रस्ता माझा नाही. सामान तर आपलं आहे! मी सव्वातीन आठवडे रस्त्याशी भांडत होतो, आणि गाडीत काय काय भरलंय हे एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी जाऊन मी तिला पहिल्यांदाच विचारलं, तुझ्या माणसांना काय दिसायला हवं? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भिंतीवरचं कॅलेंडर अचानक बोललं. मग लिहिलं, "बोटं. भुवया. ओठ. आणि मध्ये तुटता कामा नये. बाकी काही नको." मामा, बाकी काही नको! आणि आम्ही काय काय पाठवत होतो? आवाज पाठवत होतो, जो ती काढत नाही. त्या वर्गात टेबलफॅनचा घरघराट आजवर अकरा घरांत मोठ्या निष्ठेने पोहोचत होता. चित्रात जे हलत नाही ते पुन्हा पाठवावं लागत नाही, फक्त बदललेलं पाठवावं लागतं, हे मी तुमच्या त्या वीस मिनिटांतच ऐकलं होतं. आणि तिच्या मागे काय हलत होतं? झाडाची यच्चयावत पानं आणि पंख्याच्या वाऱ्यावर डोलणारा तो फुलाफुलांचा पडदा. मी मोजून पाहिलं. पडद्यावर बाराशे फुलं होती. अर्ध्याहून जास्त लाइन ती बाराशे फुलं क्षणाक्षणाला पोहोचवण्यात खर्ची पडत होती, आणि तिची दहा बोटं उरल्यासुरल्या फटीतून अंग चोरून जात होती.

आता पडदा काढायचा म्हणजे तिच्या आईशी गाठ. तो त्यांनी स्वतः शिवलेला, लेकीचा वर्ग सुरू झाला तेव्हा, घर चार लोकांना चांगलं दिसावं म्हणून. मी आपलं सरळ सांगितलं, "मावशी, तुमचा पडदा फार खातो."

"काय खातो?"

"लाइन. मुलीपेक्षा जास्त खातो."

"सकाळी काही पोटात घालून निघालास का तू? पडदा कशाला खाईल? आणि हे बघ, चार आठवडे झाले, रोज येतोस, काहीतरी मोडतोस, आणि आता माझा पडदा वाईट?"

मी चिडलो. (चिडायला नको होतं.) म्हणालो, तुमची लेक दिसायला हवी की तुमची फुलं? मावशींनी कात्री खाली ठेवली आणि मला खोलीबाहेर काढलं. मी जिन्यात उभा राहिलो. आतून ठक ठक आवाज येत होता, स्टूल सरकल्याचा. दहा मिनिटांनी दार उघडलं. पडदा खिडकीवरून निघाला होता आणि समोरच्या भिंतीवर, कॅमेऱ्याच्या पाठीमागे टांगलेला होता. खिडकी बंद, तिच्यावर गडद निळी साधी चादर, चारी कोपरे ठोकून ताणलेली. मावशी म्हणाल्या, "लोकांना नाही दिसला तर नाही. शिकवताना तिला तरी दिसेल." 

मग पंखा बंद केला, आवाज बंद केला, वीस सेकंदांचा साठा काढून टाकला. आणि शेवटचं जे करायचं होतं ते करताना माझा हात खरोखर थांबला. लाइन अडखळली की दोहोंपैकी एक टाकावं लागतं: एक तर बारकावा किंवा हालचाल. बारकावा राखला तर चेहरा लख्ख दिसतो आणि हात तुटतात. हालचाल राखली तर चेहरा धूसर होतो, पण हात थांबत नाहीत. मला चेहरा हवा होता. तीळ हवा होता, मामा. अकरा माणसांना बोटं हवी होती. मी तीळ टाकला. डोळे मिटून टाकला, पण टाकला.

शनिवारी चार वाजता मी डेपोत होतो. ड्रायव्हरदादांनी मुलीला मांडीवर घेतलं होतं. स्क्रीनवर बाई आल्या, पूर्वीपेक्षा लहान, जरा पुसट, जशा धुक्यातून दिसाव्यात. पण हात हनुवटीपाशी गेला, उघडला, मिटला आणि गालाकडे वळून मान त्यावर कलली. सलग. कुठे न अडता. बाकावर बसलेले आणखी चार ड्रायव्हर चहा हातात धरून बघत राहिले. ड्रायव्हरदादांनी ती खूण केली, एकदा वाकडी, एकदा सरळ, आणि मग मुलीला वळवून तिच्यापुढे केली: झोप आली का? मुलीने बापाकडे पाहिलं. त्याच्या हातांकडे पाहिलं. मग आपला छोटा पंजा उचलून जोरजोरात हलवला: नाही! आणि तो सहा फुटी माणूस, रोज सत्तर माणसांना घाटातून उतरवणारा, सगळ्या डेपोला ओरडून सांगू लागला, "मला नाही म्हणाली! पोरगी मला नाही म्हणाली!" चार वर्षांत पहिल्यांदा पोरीने बापाचं ऐकलं नव्हतं, आणि बाप पेढे मागवायला निघाला होता. (मी रडलो नाही. उंदराने पुन्हा वायर कुरतडली होती, ती बघायला मी तोंड वळवलं.)

वर्ग चालू आहे. अकराचे चौदा झालेत. आजोबांनी म्हशीबद्दल खुलासा केला. उत्तर बरोबरच होतं, नातवाला खरंच म्हैस आवडते. माझ्या मनातलं तिला सांगायला मी आरशापुढे आठवडाभर खुणा घोटल्या आणि परवा, कानापर्यंत लाल होऊन, तिच्यापुढे करून दाखवल्या. तिने नीट पाहिलं. मग माझा अंगठा धरून जरा आत वळवला आणि पाटीवर लिहिलं, "असा. पुन्हा कर." मी पुन्हा केलं. ती हसली आणि लिहिलं, "आता कळलं. विचार करते." चित्र थांबलेलं नाही, मामा, फक्त साठा होतोय असं मी समजतो.

मी सुखात आहे. मला काही नको. मामींना नमस्कार.

तुमचा,
थोरला भाचा

ता. क. : त्या दारावरची काच बसवली का? नसेल तर येऊन बसवतो. वायरकाकांकडे काचा कापायचं हत्यार आहे.

ता. क. दुसरा : तिने विचारलं, हे सामानाचं तुला कुठे शिकवलं? मी अभिमानाने सांगितलं, माझ्या मामांच्या तासाला. तिने लिहिलं, "मग पुढे त्यांनी काय सांगितलं?" मी लिहिलं, माहीत नाही, मी विसाव्या मिनिटाला उठून आलो. तिने ते वाचून पाटी पुसली आणि लिहिलं, "म्हणजे तूही मध्येच थांबणारा. उरलेली चाळीस मिनिटं ऐकून ये, मग अंगठ्याचं बघू." सोबत परत प्रवेश घेण्याचा अर्ज जोडला आहे. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे विभागप्रमुख म्हणून तुमची सही लागते. वर 'काही मागायचं नाही' आणि 'मला काही नको' असं लिहिलं आहे, ते कृपया खोडावं. उत्तरात लांबलचक काही लिहू नका. नुसतं 'बरं' लिहिलंत तरी चालेल. या वेळी मी ते जपून ठेवीन.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : हे पत्र मी तिच्याच खोलीत बसून लिहितोय. चार वाजायला दोन मिनिटं आहेत, ती कॅमेऱ्यासमोर येऊन बसली आहे आणि भुवईने मला बाहेर जायला सांगते आहे. इथे एक गोष्ट शिकलो. तिला दार आपटल्याचा आवाज येत नाही, पण पुस्तकांची चळत हलते, चळत हलली की कॅमेरा हलतो, आणि कॅमेरा हलला की सगळं चित्र पहिल्यापासून पाठवावं लागतं; चौदा घरांत हात तुटतो. म्हणून आता उठतो, पाकीट खिशात घालतो, बाहेर जातो, आणि दाराची मूठ पूर्ण फिरवून धरून, श्वाससुद्धा रोखून, दार अगदी हळू लावून घेतो.